मॅकवाले, विंडोजवाले आणि मध्ये सापडलेला ऑपरेटर

आमच्या छपाईच्या धंद्यात ॲपलचा मॅक वापरणारे आणि मायक्रोसॉफ्टचं विंडोज वापरणारे अशा दोन जाती झाल्या आहेत, आणि रोटीव्यवहारसुद्धा जपूनच होतो. एसी केबिनमध्ये डिझायनर मंडळी, त्यांच्यापुढे मॅक. बाहेर हॉलमध्ये अकाउंट्स, मुद्रितशोधक आणि संगणकावर पानं लावणारे डीटीपी ऑपरेटर, त्यांच्याकडे विंडोज. आतले म्हणतात, "त्या डब्यावर काय डिझाइन करणार?" बाहेरचे म्हणतात, "लाखाचं मशीन, आणि साधी कोरलची फाईल उघडत नाही!" जेवायच्या सुट्टीत हे ऐकायला मजा येते. पण दिवाळी अंक छपाईला जायच्या आदल्या रात्री दोन्ही बाजूंचे शहाणे घरी गेलेले असतात, आणि फाईल घेऊन बसलेला असतो तो ऑपरेटर. म्हणून लिहितोय.

आधी डिझायनरांचं खरं तेवढं मान्य करू. डेस्कटॉप पब्लिशिंग, म्हणजे डीटीपी, जन्मलं ते मॅकवरच. १९८४ साली मॅकिंटॉश आला, १९८५ मध्ये ॲपलचा लेझर प्रिंटर आणि अल्डस कंपनीचं पानं लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर आलं, आणि खिळे जुळवायचं काम टेबलावर आलं. पण हे ऐकवलं की अकाउंट्सवाल्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की ज्या एक्सेलवर त्यांचा जीव आहे, तेही १९८५ मध्ये आधी मॅकवरच आलं. विंडोजवर यायला १९८७ उजाडलं. पॉवरपॉइंटचीही तीच कथा.

आणि १९९७ साली बोस्टनच्या मॅकवर्ल्ड या मॅकवाल्यांच्या मेळाव्यात ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनी काय केलं? मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवणार असं जाहीर केलं, आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स अवतरले. सभागृहातल्या मॅकभक्तांनी हुर्यो उडवली. मालक लोक गरज पडली की एकमेकांना सांभाळून घेतात. कट्टरपणा आपण पगारदारांनी करायचा.

आता खरं दुखणं. मराठी डीटीपी महाराष्ट्रात वाढलं ते बहुतांशी विंडोजवर. लग्नपत्रिका कोरलमध्ये, पुस्तकं पेजमेकरमध्ये, मराठी फॉन्टचं पॅकेज डाँगल लावून, म्हणजे संगणकाला खोचायची छोटी किल्ली; ती नसेल तर पॅकेज चालत नाही. डाँगल हरवलं की ऑफिसात सुतक. त्या जुन्या फॉन्टांमध्ये प्रत्येक कंपनीने अक्षरं आपल्या मर्जीने इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवली होती. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की मराठी कथेच्या जागी उंदीर नाचून गेल्यासारखी चिन्हं. केबिनमधून आवाज येतो, "अहो, ही विंडोजची फाईल करप्ट आहे." करप्ट काही नसतं. समोरच्या दुसऱ्या विंडोजवरही तो फॉन्ट नसेल तर हेच दिसेल.

युनिकोड आलं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच ठरलेला क्रमांक मिळाला; त्यानंतर हे संपायला हवं होतं. अर्धंच संपलं. लेखक वर्डमध्ये मंगल फॉन्टात लेख पाठवतो, मॅकवर मंगल नसला की तिथला दुसरा देवनागरी फॉन्ट गुपचूप त्याची जागा घेतो, ओळी सरकतात, आणि सोळा पानांत बसवलेली कथा सतराव्या पानावर चार ओळी सांडते. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारं सेटिंग, निवडलं नसेल तर 'किती'मधली पहिली वेलांटी 'क'च्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. हे मॅकवर होतं तसंच विंडोजवरही होतं. एका सेटिंगचा प्रश्न, पण आमच्याकडे त्यावरून दोन माणसं आठवडाभर बोलत नव्हती.

सगळ्यात भारी प्रकार तारखांचा. जाहिरातींच्या वेळापत्रकाची एक जुनी, मॅकवर बनवलेली एक्सेल फाईल होती. अकाउंट्सच्या काकांनी त्यातल्या तारखा उचलून आपल्या शीटमध्ये चिकटवल्या, तर प्रत्येक तारीख चार वर्षं एक दिवस मागे. काकांचा निष्कर्ष तयार होता: मॅकला हिशेब येत नाही. भानगड अशी की मॅकचं जुनं एक्सेल दिवस १९०४ पासून मोजायचं आणि विंडोजचं १९०० पासून. फरक बरोबर १४६२ दिवसांचा. आणि विंडोजवाल्यांनी फार ताठ होऊ नये. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आहे. लोटस १-२-३ या त्याआधीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली चूक जुळवून घेण्यासाठी जशीच्या तशी ठेवलेली.

माझा राग मशीनवर नाही, खरेदी करणाऱ्यांवर आहे. डिझायनरला मॅक द्या, जरूर द्या, रंगांचं काम करणाऱ्याला चांगला पडदा लागतोच. पण फाईल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कशी जाणार, हा प्रश्न कोटेशन मागवताना कुणीही विचारत नाही. पेनड्राइव्ह विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर मॅक तो वाचतो, त्यावर लिहीत मात्र नाही. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घेतला की दोन्हीकडे चालतो, पैसा लागत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू फॉन्ट फुकट मिळतात, दोन्हीकडे सारखे दिसतात. हे ठरवायला अर्धा तास पुरे. पण त्यासाठी केबिनवाल्याने हॉलमध्ये येऊन खुर्ची ओढायला हवी, आणि घोडं तिथेच पेंड खातं. आमच्याकडे मशीनवरून माणसाचा मान ठरतो. ऑपरेटरला पानामागे पैसे मिळतात, सरकलेल्या ओळी परत बसवायचे वेगळे मिळत नाहीत. ते एकदा बिलात लावा, मग बघा किती पटकन सगळ्यांना एकच फॉन्ट आवडायला लागतो!

यंदा लेखकांच्या पत्रात मी ठळक अक्षरांत लिहिलं, मजकूर युनिकोडमध्येच पाठवावा. एका ज्येष्ठ लेखकांचा फोन आला, "युनिकोड म्हणजे मॅक का विंडोज?" म्हटलं, सर, दोन्ही नको, नातीला मोबाईलवर टाईप करायला सांगा. कथा आली आहे, एकही वेलांटी हललेली नाही.