कर्करोगाची पेशी मरण ‘विसरत’ नाही, तिचं मरण अडवलेलं असतं

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ‘कर्करोगाची पेशी म्हणजे मरायला विसरलेली पेशी. प्रत्येक पेशीत आत्मनाशाचं बटण असतं. वनस्पतीच्या अर्काने ते दाबलं की ४८ तासांत रोगट पेशी मरतात, निरोगी पेशींना धक्काही लागत नाही. हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय.’ पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्याच्या आधारावर बाकीची खपून जातात. म्हणून एकेक दावा तपासू.

‘मरायला विसरलेली पेशी’

वेगाने वाढणाऱ्या गाठीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर आक्रसलेल्या, केंद्रकाचे तुकडे झालेल्या पेशी जागोजागी दिसतात. तिथे मरणं चालूच असतं, जन्म त्याहून जास्त होतात म्हणून गाठ वाढते. पेशीची वाढ चालवणारं मिक (MYC) हे जनुक अतिसक्रिय झालं की पेशीला विभाजनाकडे ढकलतं आणि मृत्यूकडेही. म्हणजे अशी पेशी शेजारच्या निरोगी पेशीपेक्षा मरणाच्या जास्त जवळ असते. एखादं प्रथिन तिला धरून ठेवतं, म्हणून ती तगते.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे फॉलिक्युलर लिम्फोमा हा लसिका ग्रंथींचा कर्करोग. त्यात १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीएल-२ हे जनुक प्रतिपिंडांच्या जनुकाच्या सतत चालू असलेल्या नियंत्रकाशेजारी जाऊन बसतं. हे जनुक विभाजनाचा वेग वाढवत नाही, मृत्यू अडवतं, हे व्हॉ, कोरी आणि अ‍ॅडम्स या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये दाखवलं.

‘एक बटण’

एकच बटण नाही, साखळी आहे. डीएनएला इजा झाली की पी५३ प्रथिन प्यूमा आणि नॉक्सा ही प्रथिनं तयार करवतं. ती बीसीएल-२ गटातल्या रक्षकांना अडकवून ठेवतात. मग बॅक्स आणि बॅक ही मारेकरी प्रथिनं मोकळी होऊन मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणाला भोकं पाडतात. सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडतं, अ‍ॅपाफ-१ या प्रथिनाचे सात रेणू चाकासारखे जुळतात, कॅस्पेज-९ जागं होतं आणि ते कॅस्पेज-३ ला कामाला लावतं (कॅस्पेज म्हणजे पेशीतली प्रथिनं कापणारी एन्झाइमं). दुसरी वाट बाहेरून येते: पेशीच्या पृष्ठभागावर संदेश झेलणाऱ्या फाससारख्या प्रथिनांकडून (रिसेप्टर) कॅस्पेज-८ कडे.

आता ही साखळी कुठे तुटली आहे, यावर सगळं ठरतं. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत पी५३ बिघडलेलं असतं. काहींत एमसीएल-१ हा दुसरा रक्षक वाढलेला असतो. न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांतल्या कर्करोगाच्या काही गाठींत कॅस्पेज-८ चं जनुकच बंद पडलेलं असतं. तुटलेल्या कडीच्या वरच्या बाजूला कितीही जोर लावला तरी खाली काही पोहोचत नाही.

‘निरोगी पेशींना धक्काही लागत नाही’

हीच साखळी निरोगी पेशींतही असते. नेव्हिटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२ बरोबर त्याच गटातल्या बीसीएल-एक्सएल या रक्षकालाही रोखतं. बिंबाणू म्हणजे प्लेटलेट्स बीसीएल-एक्सएलच्या जोरावर जगतात, त्यामुळे रुग्णांत त्यांची संख्या घसरली. म्हणून बीसीएल-एक्सएलला जवळपास न छेडणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध घडवावं लागलं. त्यानेही न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, कमी होतात.

‘प्रयोगशाळेत सिद्ध’

बशीतल्या पेशी मारणं सोपं आहे. नुसतं मीठ जास्त झालं तरी त्या मरतात. विचारायचं ते हे: वापरलेली तीव्रता तोंडावाटे घेतल्यावर रक्तात गाठता येते का? सोबत निरोगी पेशी तपासल्या का? जिवंत पेशींचा अंदाज रंगावरून घेणाऱ्या एमटीटी चाचणीत रंग कमी आला, तर पेशी मेल्या असतील किंवा त्यांची वाढ फक्त थांबली असेल. आत्मनाशाकडे निघालेल्या पेशी ओळखायला वापरतात तो अ‍ॅनेक्सिन-५ चा रंग तर आवरण फाटून मेलेल्या पेशींनाही चढतो. म्हणून सोबत प्रोपिडियम आयोडाइड हा फक्त फाटलेल्या आवरणातून आत शिरणारा रंग लागतो. शिवाय कॅस्पेज रोखल्यावर मृत्यू थांबतो का, हेही पाहावं लागतं.

‘४८ तासांत’

खरोखर असं झालं, तर तो आणीबाणीचा प्रसंग ठरू शकतो. पेशी एकदम फुटल्या की पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक आम्ल रक्तात उसळतं, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात व्हेनेटोक्लॅक्स रोज २० मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि आठवड्याआठवड्याने ५०, १००, २०० करत पाचव्या आठवड्यात ४०० वर नेतात. आधीपासून भरपूर पाणी आणि युरिक आम्ल कमी करणारं औषध देतात. धोका जास्त असलेल्यांत २० आणि ५० च्या पहिल्या मात्रेनंतर काही तासांनी आणि पुन्हा २४ तासांनी रक्त तपासतात. एवढं करूनही काही रुग्णांत पुढे बीसीएल-२ मध्येच बदल होतो आणि औषध नीट चिकटत नाही.

व्हेनेटोक्लॅक्स मुख्यतः सीवायपी३ए या एन्झाइमाने मोडलं जातं. त्याला रोखणारं काही पोटात गेलं की औषधाची रक्तातली पातळी वाढते, आणि हळूहळू चढवलेल्या मात्रेचा हेतूच फसतो. काही वनस्पतींचे अर्क हे एन्झाइम रोखतात, काही उलट त्याला चेतवून औषध निष्प्रभ करतात. उपचार चालू असताना कोणताही अर्क घेत असाल, तर त्याचं नाव आणि प्रमाण पुढच्या मात्रेआधी डॉक्टरांना सांगा.