‘कोलेस्टेरॉलची गोळी सोडा, ओमेगा घ्या’: एका फॉरवर्डला औषधाच्या दुकानातून उत्तर

गेल्या दोन महिन्यांत हा मेसेज माझ्या फोनवर नऊ वेळा आला. एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर तर एकाच दिवशी सकाळी आणि संध्याकाळीही. मजकूर थोडक्यात असा: ‘एस्किमो लोक माशाचं तेल खातात, त्यांना हार्ट अटॅक येत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी हा कंपन्यांचा धंदा आहे; तिने स्नायू झिजतात, हृदयातलं को-क्यू-टेन संपतं. ती बंद करा आणि ओमेगा-३, को-क्यू-टेन, लसणाची कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, बी-कॉम्प्लेक्स, के-२ आणि नॅटोकायनेज सुरू करा. सगळं नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य, वय दहा वर्षांनी मागे.’

साताऱ्यात माझं औषधाचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. असल्या मेसेजना मी सहसा उत्तर देत नाही. दिलं की चौघे म्हणतात, तुम्ही काय, गोळ्याच विकणार. पण गेल्या महिन्यात पेठेतले एक काका आले. वय एकाहत्तर, चार वर्षांपूर्वी स्टेंट टाकलेला. बाकीची औषधं घेतली आणि चिठ्ठीवरच्या ॲटोर्व्हास्टॅटिनवर, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीवर, बोट ठेवून म्हणाले, “ही काट. तीन महिने झाले, बंदच केलीय.” खिशातून मोबाइल काढून हाच मेसेज दाखवला. म्हणून हे लिहितोय.

आधी एस्किमो. (ते स्वतःला इन्युइट म्हणवतात.) ही गोष्ट कोणी हवेतून काढलेली नाही. १९७०च्या सुमारास बँग आणि डायरबर्ग हे दोन डॅनिश संशोधक ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर गेले आणि तिथल्या लोकांचं रक्त तपासलं. सील, व्हेल, मासे असा चरबीचा आहार, तरी रक्तात ट्रायग्लिसराइड (चरबीचा एक प्रकार) कमी. इथवर खरं. पण हार्ट अटॅक किती जणांना येतो, हे त्या दोघांनी स्वतः मोजलंच नव्हतं. ते सरकारी नोंदींवर विसंबले, आणि दूरदूरच्या वस्त्यांमध्ये माणूस कशाने गेला हे लिहायला डॉक्टर जवळ असेलच असं नव्हतं. २०१४ मध्ये कॅनडातले हृदयरोगतज्ज्ञ जॉर्ज फोडोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी-नवी माहिती एकत्र करून पाहिली, तर इन्युइटांमध्ये हृदयविकार इतरांइतकाच निघाला. पक्षाघाताने जाणारे उलट जास्त.

तरीही माशाचं तेल, म्हणजे त्यातलं ओमेगा-३, उपयोगी असू शकतं, म्हणून चाचण्या झाल्या. इटलीतल्या १९९९च्या मोठ्या चाचणीत, नुकताच अटॅक येऊन गेलेल्यांमध्ये मृत्यू कमी झाले, हे मान्य केलंच पाहिजे. मात्र ती सुरू झाली तेव्हा त्यातले फार थोडे रुग्ण स्टॅटिन (ॲटोर्व्हास्टॅटिनच्या जातीच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या) घेत होते, आणि कोण तेल घेतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे २०१८ मध्ये दोन चाचण्यांचे निकाल आले. एकीत १५,४८० मधुमेही, दुसरीत अमेरिकेतले २५,८७१ साधे मध्यमवयीन आणि वयस्क लोक. अर्ध्यांना रोज माशाच्या तेलाची कॅप्सूल, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनकामाची. पाच ते सात वर्षं गेली. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या एकूण मोजणीत नाव घेण्यासारखा फरक पडला नाही.

आता काकांची डबी. ते ती बरोबर घेऊनच आले होते. पुढच्या बाजूला ठळक अक्षरात ‘फिश ऑइल १००० मिलिग्रॅम’ आणि लाल हृदयाचं चित्र. मी डबी फिरवली. मागची अक्षरं इतकी बारीक की काउंटरखालचं भिंग काढावं लागलं. ईपीए १८० मिलिग्रॅम, डीएचए १२० मिलिग्रॅम. ओमेगा-३ म्हणून जे काही हृदयाचं म्हणायचं ते एवढंच, ३०० मिलिग्रॅम. उरलेलं ७०० म्हणजे नुसतं तेल. वर सांगितलेल्या दोन चाचण्यांमध्ये कॅप्सूलला ८४० मिलिग्रॅम होतं, आणि तेवढ्यानेही काही साधलं नाही.

एका चाचणीत साधलं, तेही सांगतो, नाहीतर लपवलं म्हणाल. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या ८,१७९ रुग्णांपैकी निम्म्यांना शुद्ध केलेलं ईपीए रोज ४ ग्रॅम दिलं, तेव्हा अटॅक, पक्षाघात वगैरे २५ टक्क्यांनी कमी झाले. काकांच्या डबीतून ४ ग्रॅम ईपीए काढायचं तर रोज २२ कॅप्सूल गिळाव्या लागतील. शिवाय त्या चाचणीतले सगळे रुग्ण स्टॅटिन चालू ठेवूनच ते घेत होते, आणि औषध घेणाऱ्यांमध्ये हृदयाची लय बिघडून दवाखान्यात जाणारे जास्त होते. दोन वर्षांनी तसल्याच मोठ्या डोसाची दुसरी चाचणी झाली, १३ हजारांवर रुग्णांची. ती फायदा दिसत नाही म्हणून मध्येच थांबवली. त्यामुळे तज्ज्ञांमध्ये यावर अजून वाद आहे. पण तो वाद डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधाचा आहे, काउंटरवरच्या डबीचा नाही. मासे खात असाल तर बांगडा, तारली, पेडवे आणा. त्याला माझी काहीच हरकत नाही.

‘कंपन्यांचा धंदा.’ यावर मी हसलो, कारण धंद्याची वही माझ्याकडे आहे. ॲटोर्व्हास्टॅटिन आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, तिची कमाल किंमत सरकार ठरवतं. ओमेगाची डबी कायद्याने औषधच नाही, ते अन्न. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत येतं आणि छापील किंमत कंपनीच्या मर्जीवर. मला स्टॅटिनच्या पाकिटावर जे सुटतं त्याच्या कितीतरी पट एका डबीवर सुटतं. दिवाळीला स्कीमही डब्यांवरच येतात. तेव्हा मी माझ्या पोटावर पाय देऊन बोलतोय.

आता मुख्य मुद्दा, कारण जीव जातो तो इथे. स्टॅटिन सोडायची का? १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन (हीही स्टॅटिनच), निम्म्यांना नुसती गोळी, आत औषध नाही. पाचेक वर्षांनी नुसत्या गोळीवाल्यांपैकी २५६ गेले होते, औषधवाल्यांपैकी १८२. चौऱ्याहत्तर माणसं. माशाच्या तेलाने रक्तातला आकडा हलतो की नाही, याची चर्चा चाललेली असते. इथे माणसं मोजलेली आहेत.

मेसेजमधला को-क्यू-टेनचा (पेशींना ऊर्जा बनवायला लागणारं द्रव्य) धागा मात्र अर्धा खरा आहे. यकृत ज्या साखळीतून कोलेस्टेरॉल बनवतं त्याच साखळीतून को-क्यू-टेनही बनतं, म्हणून स्टॅटिनने त्याची रक्तातली पातळी उतरते. पण ते वरून घेतलं की अंगदुखी थांबते, असं चाचण्यांत खात्रीने दिसलेलं नाही. २०१४ मध्ये ४२० हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर एक चांगली चाचणी झाली, तिथे फायदा दिसला. पण तोही नेहमीच्या औषधांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे.

आणि अंगदुखीचं म्हणाल तर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०२० मध्ये फार मजेशीर प्रयोग केला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली साठ माणसं घेतली. त्यांना बारा महिन्यांच्या बाटल्या दिल्या: चार स्टॅटिनच्या, चार नकली गोळ्यांच्या, चार रिकाम्या. रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी आली ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३ आणि नकली गोळीच्या महिन्यांत १५.४. त्रास खोटा नव्हता. गोळी तोंडात टाकली की तो होत होता, ती कसलीही असो. आपापले आकडे बघून निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली. खरोखर स्नायूंना इजा होणारेही असतात, थोडे असतात. त्यांच्यासाठी सीपीके ही स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी आहे, डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. हे डॉक्टरांना विचारायचं, ग्रुपला नाही.

लसूण. स्टॅनफर्डमध्ये १९२ जणांच्या चाचणीत सहा महिने लसूण कच्चा सँडविचमध्ये घालून किंवा गोळ्यांतून दिला. वाईट कोलेस्टेरॉल जागचं हललं नाही. २०२२ मध्ये रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिनचा ५ मिलिग्रॅमचा लहानसा डोस एका बाजूला आणि माशाचं तेल, लसूण, दालचिनी, हळद, प्लांट स्टेरॉल, लाल यीस्टचा (एका बुरशीने आंबवलेला) तांदूळ दुसऱ्या बाजूला, अशी तुलना झाली. २८ दिवसांत गोळीने एलडीएल, म्हणजे हेच वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे ३८ टक्के उतरवलं. बाकी सहांपैकी एकही नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. लसणाची चटणी भाकरीबरोबर जरूर खावी, ती त्यासाठीच आहे.

व्हिटॅमिन ई, म्हणजे बायका केसांना लावायला नेतात त्या हिरव्या कॅप्सूल. २०००च्या एका चाचणीत साडेनऊ हजार लोकांना काही उपयोग झाला नाही, आणि त्याच लोकांना पुढे आणखी काही वर्षं दिल्यावर हार्ट फेल्युअर वाढलं. पस्तीस हजार पुरुषांच्या दुसऱ्या चाचणीत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला. केसांना लावा. म्हातारपण त्याने लांबत नाही.

बी-कॉम्प्लेक्सचं जरा वेगळं आहे, आणि इथे मी फॉरवर्डवाल्याशी पूर्ण भांडणार नाही. रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढलेल्यांना हृदयविकार जास्त दिसतो, म्हणून बी जीवनसत्त्वांनी ते उतरवून पाहिलं. २००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचा निकाल आला: होमोसिस्टीन उतरलं, अटॅक तेवढेच राहिले. पण त्याच वर्षी पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं, तर ६७ टक्क्यांत बी-१२ कमी. शाकाहारी घर, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आणखी घसरतं. हातापायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं, आणि घरचे म्हणतात, वय झालं. अशा माणसाने बी-१२ तपासून घ्यावं आणि कमी असेल तर जरूर घ्यावं. हृदयासाठी नाही, नसांसाठी.

राहिला ‘नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य’. लाल यीस्टच्या तांदळात जो गुण आहे तो मोनॅकोलिन-के या द्रव्याचा, आणि ते म्हणजेच लोव्हास्टॅटिन. म्हणजे स्टॅटिनला शिव्या देऊन माणूस स्टॅटिनच खातो, फक्त किती खातोय ते कळत नाही. २०२४ मध्ये जपानात कोबायाशी कंपनीच्या अशा गोळ्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या. त्यात बुरशीचं विष शिरलं होतं आणि लोकांच्या किडन्या गेल्या.

के-२ (व्हिटॅमिन केचा एक प्रकार) आणि नॅटोकायनेज (आंबवलेल्या सोयाबीनमधून काढलेलं एन्झाइम) यांच्या मोठ्या चाचण्या नाहीत. ज्या आहेत त्यांत, डेन्मार्कमधल्या ३६५ पुरुषांच्या चाचणीत हृदयाच्या झडपेवरचं कॅल्शियम दोन वर्षं के-२ देऊनही साचतच राहिलं, आणि नॅटोकायनेजने तीन वर्षांत मानेतल्या धमन्यांवर फरक पडला नाही. मला काळजी वेगळीच आहे. माझ्याकडे एक काकू येतात, कृत्रिम झडप बसवलेल्या, रक्त पातळ ठेवायची असेनोकुमारॉल चालू. ती गोळी काम करते ती व्हिटॅमिन के अडवून. मुलाने प्रेमाने ‘हाडांसाठी’ डी-३ आणि के-२ची डबी आणून दिली. महिन्याने आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) २.८ वरून १.६ वर, म्हणजे रक्त पुन्हा घट्ट. डॉक्टर डोस वाढवायला निघाले, तेव्हा काकूंच्या पिशवीतून ती डबी बाहेर आली. झडपेवर गुठळी धरली असती तर कारण कुणाला कळलंही नसतं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, डॉक्टरकडे जाताना नुसती चिठ्ठी नेऊ नका, घरातल्या सगळ्या डब्या पिशवीत घालून न्या.

काकांनी शेवटी लिपिड प्रोफाइल केली. एलडीएल आधी ६८ होतं, आता १४१. डॉक्टरांनी काय सुनावलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण ॲटोर्व्हास्टॅटिनची दोन पाकिटं घेऊन गेले. जाताना ओमेगाची डबी काउंटरवर ठेवली. “अर्धी आहे. परत घेतोस का?” फोडलेली डबी परत घेता येत नाही म्हणालो. तरी ती ठेवूनच गेले. अजून तिथेच आहे, मागची बाजू पुढे करून, शेजारी भिंग.