‘दोन स्विच घेऊनही 90 सेकंद बंद’ : कुपवाडच्या वाचकांना उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, आणि तिच्यात दाखवलेली एक चूक माझी आहे. ‘एमलॅग लावा, एक स्विच गेला तरी कुणाला पत्ता लागत नाही’ असं मी लिहिलं होतं (एमलॅग म्हणजे दोन स्विचनी मिळून सर्व्हरला एकच स्विच असल्यासारखं दिसणं). तुम्ही कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात तसंच केलं. पलीकडच्या शेडमधल्या सर्व्हरच्या दोन केबल मीडिया कन्व्हर्टरमधून (तांब्याच्या केबलचा सिग्नल फायबरवर नेणारी डबी) फायबरने दोन स्विचना दिल्या. चाचणीत एक फायबर काढली आणि ईआरपी (कारखान्याचं कामकाजाचं सॉफ्टवेअर) दीड मिनिट अडकलं. वर फाइल कॉपीचा वेग सेकंदाला 110 एमबीच्या (मेगाबाइट) पुढे जाईना. म्हणून तुम्ही विचारता, की मग ॲक्टिव्ह-बॅकअप, म्हणजे एक तार कामात आणि दुसरी राखीव, काय वाईट?

दीड मिनिटाचा हिशोब सरळ आहे. फायबर तुटली तरी सर्व्हर ते कन्व्हर्टर हा तांब्याचा तुकडा शाबूत असतो. सर्व्हरचा दिवा हिरवाच राहतो आणि त्याच्या लेखी लिंक चालू असते. बिघाड कळायला मार्ग उरतो फक्त एलएसीपीचा, म्हणजे सर्व्हर आणि स्विच एकमेकांना ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असं सांगतात त्या पद्धतीचा. त्याचा स्लो टायमर दर 30 सेकंदांनी पॅकेट पाठवतो आणि तीन चुकली की लिंक बाद करतो, म्हणजे 90 सेकंद. फास्ट केला तर दर सेकंदाला पॅकेट आणि 3 सेकंदांत निकाल. इथे बरेच जण फसतात: सर्व्हरवर फास्ट लावणं म्हणजे ‘मला दर सेकंदाला पाठव’ असं स्विचला सांगणं. स्विचलाही लवकर कळायला हवं असेल तर फास्ट त्याच्या पोर्टवरही लावावा लागतो. दोन्हीकडे लावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे लिंक फॉल्ट पास-थ्रू असलेले कन्व्हर्टर. फायबर गेली की ते तांब्याची बाजूही पाडतात आणि बाँड (सर्व्हरने दोन तारांची बांधलेली जोडी) सेकंदाच्या आत दुसऱ्या तारेवर सरकतो. बऱ्याच कन्व्हर्टरवर त्यासाठी डिप स्विच नावाचं छोटं बटण असतं आणि ते बंदच राहून गेलेलं असतं. आधी ते बघा.

आणि याच कारणाने तुमच्या जागी नुसता ॲक्टिव्ह-बॅकअप जास्त धोक्याचा. तो लिंकचा दिवाच बघतो, एलएसीपी तिथे नाहीच. 90 सेकंद सोडा, तो हलणारच नाही. लावायचाच असेल तर गेटवेच्या (नेटवर्कबाहेर नेणाऱ्या राउटरच्या) पत्त्यावर एआरपी मॉनिटरिंग, म्हणजे सतत हाक मारून उत्तर येतंय का ते बघणं, लावून लावा. मग माझी हरकत नाही. 1 गिगाबिटात भागणाऱ्या सर्व्हरला तो पुरतो.

वेगाचं म्हणाल तर एक कॉपी म्हणजे एक टीसीपी कनेक्शन, आणि एक कनेक्शन एकाच तारेवरून जातं. दोन 1 गिगाबिटच्या तारांनी एका कॉपीला 2 गिगाबिट मिळत नाहीत, चार जणांच्या चार कॉप्यांना मिळू शकतात. तेही लिनक्सची मूळ हॅश पॉलिसी (कोणतं कनेक्शन कोणत्या तारेवर टाकायचं तो नियम) ‘लेयर 2’, जी मॅक पत्ता म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता बघते, ती बदलून आयपी पत्ता आणि पोर्ट नंबर बघणारी ‘लेयर 3+4’ केली तर. नाहीतर गेटवेपलीकडे जाणाऱ्या सगळ्या ट्रॅफिकला एकच मॅक पत्ता दिसतो आणि दुसरी तार रिकामी बसते.

तुमच्या प्रतिक्रियेतल्या ज्या वाक्याने मला खरी काळजी वाटली ते तुम्ही जाता जाता लिहिलंय: ‘कीपअलाइव्हला वेगळी केबल कशाला, पीअर लिंकवरूनच घेतली.’ पीअर लिंक म्हणजे दोन स्विचना जोडणारी मुख्य तार, कीपअलाइव्ह म्हणजे ‘दुसरा जिवंत आहे का’ हे तपासणारा त्यांच्यातला संदेश. साहेब, हे आजच बदला. नुसती पीअर लिंक तुटली आणि कीपअलाइव्ह जिवंत असेल, तर दुय्यम स्विचला कळतं की मुख्य स्विच हयात आहे. तो आपले एमलॅग पोर्ट बंद करतो आणि काम एका स्विचवर चालू राहतं. दोन्ही एकाच तारेवर असतील तर दोघंही समजतात की दुसरा मेला. दोघंही पोर्ट चालू ठेवतात, दोघंही सर्व्हरला तोच सिस्टिम आयडी (एलएसीपीतली स्विचची ओळख) सांगतात. सर्व्हर अर्धी कनेक्शन इकडे टाकतो, अर्धी तिकडे, आणि मॅक टेबल (कोणता मॅक पत्ता कुठल्या पोर्टवर आहे ती यादी) जुळवणारी तारच उरलेली नसते. मग स्टोअरच्या पीसीवर ईआरपी उघडतं, शेजारच्या अकाउंट्समध्ये नाही. पिंग कधी लागतो, कधी नाही. असला बिघाड शोधण्यात दिवस जातो. दोन्ही स्विचचे मॅनेजमेंट पोर्ट वेगळ्या केबलने जोडा, आणि पीअर लिंक किमान दोन पोर्टांची ठेवा.

एकाच केबलवरचा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर दुय्यम स्विचवर असेल तर पीअर लिंक गेल्यावर तो एकटा पडेल. तो मुख्य स्विचवर न्या.

बंद केलेला स्विच परत चालू करताना काम पुन्हा अडकल्याचं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण वेगळं. सर्व्हरचे पोर्ट आधी उठले, अपलिंक (स्विचला बाकी नेटवर्कशी जोडणारी तार) नंतर; मधल्या वेळेत अर्धी ट्रॅफिक खड्ड्यात. सिस्कोच्या नेक्सस स्विचवर यासाठी ‘डिले रिस्टोअर’ असतो, मूळ 30 सेकंदांचा. तुमची अपलिंक उभी राहायला किती वेळ घेते ते मोजा आणि त्याहून जास्त ठेवा.

पुन्हा चाचणी घेण्याआधी सर्व्हरवर प्रॉक-नेट-बाँडिंगमधली बाँड0 (/proc/net/bonding/bond0) ही फाइल उघडा. दोन्ही तारांचा ‘ॲग्रिगेटर आयडी’ एकच दिसला पाहिजे. वेगळा असेल तर दोन स्विच एक म्हणून दिसतच नाहीयेत आणि एकच तार कामात आहे. मग सेकंदाला पाच पिंग चालू ठेवून स्विचच्या टोकाची फायबर काढा. फास्टवर पंधराच्या आसपास पिंग चुकतील, पास-थ्रूवर पाचाच्या आत. आकडा याहून मोठा आला तर बाँडची ती फाइल आणि स्विचचं एलएसीपीचं आउटपुट इथेच टाका, बघतो.