जागृती नाही हे पटलं नाही

"मच्छीमारांमध्ये जागृती नाही म्हणून कासवं जाळ्यात मरतात" हे समुद्री कासवांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. माझं माहेर कोकणातल्या हर्णै बंदराचं, आता पुण्यात असले तरी तिकडचं सगळं कानावर येतं. कासवाचे पुढचे पाय जाळ्यात असे पिळून बसतात की सुरीने जाळं कापल्याशिवाय ते सुटतच नाही, आणि ते जाळं म्हणजे अख्ख्या घराची रोजीरोटी, तरी लोकं कापतात हो! २०१८ पासून राज्यात योजना आहे, संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, त्याचा साधा उल्लेख पण नाही.

खरा प्रश्न ट्रॉलरचा, म्हणजे मागे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटींचा आहे. कासवाला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, जाळं तासन्‌तास पाण्याखाली ओढलं की ते आतच गुदमरतं, मग सोडणार काय? तिथे टेडच पाहिजे, म्हणजे जाळ्यात तिरकी बसवलेली गजांची चौकट, कोळंबी गजांमधून मागे जाते आणि कासव झडपेतून बाहेर पडतं. पण त्याच झडपेतून थोडी मोठी मासळी पण निसटते म्हणून बोटवाले नाखूश असतात. त्यांचं ते नुकसान कोण भरून देणार यावर लिहा ना, प्लीज.