‘बोटे असताना स्पर्शाविना खेळ कशाला?’ या दाव्याचा प्रतिवाद

‘मोबाइलवरचे खेळ स्पर्शाविना खेळणे ही जाहिरातीपुरती क्लृप्ती आहे, ते संथ असते, गूगलनेही ते सोडून दिले, कॅमेऱ्यामुळे खासगीपण जाते आणि बोटे असताना त्याची गरजच काय,’ असा मजकूर बराच फिरतो आहे. त्यातला एक आक्षेप अर्धा खरा आहे. बाकीचे टिकत नाहीत.

संथपणाचा आक्षेप चेहऱ्याच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपून खेळण्यापुरता मान्य करायला हवा. सेकंदाला 30 चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये सुमारे 33 मिलिसेकंद जातात आणि चेहऱ्याची हालचाल ओळखण्याची आकडेमोड त्यानंतर सुरू होते. टचस्क्रीन बोटाची नोंद याहून लवकर घेते. मात्र फोन तिरका करून खेळणे हाही याच कुळातला प्रकार आहे, आणि फोन कसा वळतो हे टिपणारा त्यातला जायरोस्कोप सेकंदाला शेकडो वेळा हालचाल मोजू शकतो. पबजी मोबाइलमधले अनेक कसलेले खेळाडू नेम धरायला आणि बंदुकीचा झटका आवरायला तो मुद्दाम चालू ठेवतात.

गूगलने सोडले ते 2019 च्या पिक्सेल 4 या फोनमधले, हवेतल्या हाताच्या खुणा ओळखणारे रडार, ज्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागत असे. त्याच कंपनीने 2024 मध्ये अँड्रॉइडसाठी गेमफेस या चेहऱ्याच्या हालचालींनी फोन चालवण्याच्या साधनाचा कोड सर्वांना खुला केला, आणि त्याला साधा पुढचा कॅमेरा पुरतो.

खासगीपणाची काळजी समजण्यासारखी आहे. पण गेमफेस काय किंवा आयफोनचे आय ट्रॅकिंग (नजरेने फोन चालवण्याची सोय) काय, चेहऱ्याचे विश्लेषण फोनमध्येच होते. अनोळखी ॲपला कॅमेऱ्याची परवानगी देताना सावध राहावेच, मग ते ॲप खेळाचे असो वा नसो.

राहिला गरजेचा प्रश्न, आणि मला सर्वाधिक खटकतो तो हाच. बोटे सर्वांची चालतातच, हे गृहीतक स्नायूंचा आजार, मणक्याची इजा किंवा हाताचा कंप असलेल्यांना हिशेबातच धरत नाही. गेमफेसमध्ये मान वळवली की पडद्यावरचा कर्सर सरकतो आणि भुवई उंचावणे किंवा तोंड उघडणे यांना ‘टॅप’सारखी कामे नेमून देता येतात. भुवई किती उंचावल्यावर नोंद व्हावी हेही खेळणाराच ठरवतो, कारण चेहऱ्यातली ताकद माणसागणिक वेगळी असते आणि मर्यादा फार खाली ठेवली तर नुसत्या हसण्यानेही नको ती चाल पडू शकते. खरी अडचण उरते ती खेळांच्या रचनेत: डाव्या अंगठ्याने धावत असताना उजव्याने नेम धरायला लावणारा खेळ एकाच कर्सरने खेळणे जवळपास अशक्य आहे, आणि स्वयंचलित धाव किंवा मंद गती असे पर्याय देणे निर्मात्यांच्याच हातात आहे.