होव्हच्या बागेतला चीन

मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, तेव्हा काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. आभाळात जाळ, विमान कोसळतंय. चुलतभावानं तासाभरात दाखवून दिलं, हा तर कॉम्प्युटर गेम आहे. काका म्हणाले, "असू दे रे. लढाई तर खरी आहे ना? लोकांना धीर येतो." तेव्हापासून घरात दोन तट आहेत. भाऊ म्हणतो असल्या व्हिडिओंवर सरसकट बंदी घाला, काका म्हणतात त्यात बिघडलं काय.

मी इंग्लंडमध्ये ब्रायटनला राहतो. शेजारच्या होव्हमध्ये जेम्स विल्यमसन नावाचा औषधविक्रेता होता. 1900 साली त्यानं चीनमधलं बॉक्सर बंड, म्हणजे परकीयांविरुद्धचा तिथला उठाव, एका छोट्या फिल्मसाठी इथल्याच एका रिकाम्या बंगल्याच्या बागेत उभं केलं. बॉक्सर आत घुसतात, मिशनरी मारला जातो, त्याची बायको सज्जातून रुमाल हलवते. पुढच्या दृश्यात फाटकातून ब्रिटिश नौसैनिक येतात आणि रांगेनं गोळ्या झाडतात. रुमालावरून थेट फाटकावर जाणं तेव्हा अगदी नवं होतं. मी ते कितीदा तरी पाहिलंय, दर वेळी श्वास रोखला जातो. म्हणून बंदीची भाषा मला पटत नाही.

पण काकांचंही पटत नाही. त्याच बंडात 14 ऑगस्ट 1900 ला पेकिंगमधल्या (आजच्या बीजिंगमधल्या) वेढलेल्या ब्रिटिश वकिलातीत सगळ्यांत आधी पोचले ते ब्रिटिश फौजेतले हिंदी शिपाई, राजपूत आणि शीख पलटणींचे. तटाखालच्या पाण्याच्या वाटेनं, चिखल तुडवत. होव्हच्या बागेत त्यांच्यातला एकही नाही. धीर देण्यासाठी रचलेल्या लढाईत लढणारी माणसंच बदलली जातात, ती अशी. उद्या आपल्या जवानांनी खरंच काय सोसलं ते कोण विचारणार, गेममधलं विमान आधीच पाहून झालेलं असेल तर?

त्याच सुमारास रॉबर्ट पॉल या दुसऱ्या फिल्मवाल्यानं लंडनजवळ मझवेल हिलच्या गोल्फ मैदानावर दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातले प्रसंग रचले. त्यांना त्यानं सरळ 'पुनर्निर्मिती' असं नाव दिलं. एवढंच तर हवंय. रचा, दाखवा, पण रचलंय म्हणून सांगा.

काल मी काकांना विल्यमसनची फिल्म पाठवली. खाली लिहिलं: "काका, ही इंग्लंडमध्ये, होव्हच्या बागेत घेतलीय. चीनमध्ये आधी आत गेलेले आपले शिपाई यात नाहीत."