घराचा विमा महागला, पण मिळतंय काय?

इथे अमेरिकेत घराच्या विम्याचं रिन्यूअल आलं की हल्ली आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न. "तुमचा किती वाढला?" मग आकडे, मग कंपन्यांना शिव्या, मग कुणीतरी आपल्या एजंटचा नंबर टाकतं आणि विषय संपतो. किती वाढला ते सगळे सांगतात. वाढलेल्या पैशात मिळतंय काय, हे कुणी सांगत नाही. माझं भांडण तिथे आहे.

ऑगस्ट १९९२ मधलं अँड्र्यू वादळ घ्या. त्याआधी दर ठरायचे ते मागच्या वर्षांत किती क्लेम आले ते बघून. फ्लोरिडात बरीच वर्षं तशी शांततेत गेली होती आणि त्याच काळात किनाऱ्यालगत घरं धडाधड उभी राहत होती. म्हणजे हिशोब जुन्या विरळ वस्तीचा आणि घरं नवी. कॅरन क्लार्क यांनी तेव्हा वादळांचं कॉम्प्युटर मॉडेल बनवलं होतं. अँड्र्यू आदळल्यावर काही तासांतच त्यांनी कंपन्यांना फॅक्स केला, की नुकसान १३ अब्ज डॉलरच्या वर जाऊ शकतं. तो आकडा कुणाच्या पचनी पडला नाही. प्रत्यक्षात विम्याचं नुकसान सुमारे १५ अब्जांवर गेलं आणि ११ कंपन्या बुडाल्या. मग मात्र सगळ्यांना मॉडेलं हवी झाली. त्यामुळे "पूर्वी किती स्वस्त होतं" असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. स्वस्त होतं, कारण हिशोब चुकला होता.

इथपर्यंत मी कंपन्यांच्या बाजूने आहे. पण त्याच वादळानंतर आणखी एक गोष्ट झाली, आणि तिच्याबद्दल ग्रुपवर अवाक्षर नसतं. डिडक्टिबल, म्हणजे नुकसान झालं की आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम. पूर्वी ती ठराविक असायची, पाचशे-हजार डॉलर. अँड्र्यूनंतर किनारपट्टीवर वादळाच्या क्लेमसाठी ती टक्क्यांत आली, आणि टक्के नुकसानीचे नव्हेत, विम्याच्या रकमेचे. घराचा विमा ४ लाख डॉलरचा आणि डिडक्टिबल २ टक्के असेल, तर पहिले ८ हजार तुमच्या खिशातून. ५ टक्के असेल तर २० हजार. शिवाय लाकूड आणि मजुरी महागली म्हणून विम्याची रक्कम वाढवली, की हा आकडाही गुपचूप वर सरकतो. हप्ता जास्त, आणि संकटात आपला वाटाही जास्त!

छताचंही तेच. जुन्या छताला नव्याचा खर्च न देता घसारा वजा करून पैसे देणाऱ्या पॉलिसी आता सर्रास दिसतात. पुराचं तर विचारूच नका. साध्या घरविम्यात पूर धरतच नाहीत, म्हणून तर १९६८ मध्ये सरकारला वेगळी योजना काढावी लागली. कॅटरिना वादळानंतर, २००५ साली, घर वाऱ्याने पडलं की पाण्याने, यावर लोक कोर्टात भांडत बसले. घर पडलं होतं, याबद्दल दुमत नव्हतं.

(विमा कंपन्यांनी नाक मुरडणं नवीन नाही बरं. बेंजामिन फ्रँकलिन वगैरे मंडळींनी १७५२ मध्ये फिलाडेल्फियात आगीच्या विम्याची संस्था काढली. तिने पुढे घरासमोर झाडं असलेल्यांचा विमा घेणं बंद केलं. मग १७८४ मध्ये दुसरी संस्था निघाली, तिने जादा पैसे घेऊन झाडंवाल्यांना घेतलं आणि चिन्ह म्हणून झाडच निवडलं.)

यावर "सरकारने दर बांधून द्यावेत" म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियाकडे बघावं. तिथे १९८८ च्या सार्वमतानंतर दरवाढीला आधी मंजुरी लागते. वणव्याचा धोका मोजताना पुढचा अंदाज धरायला परवानगी नव्हती, मागच्या वर्षांची सरासरीच चालायची. २०१८ मध्ये पॅराडाइज गाव जळालं तरी नियम तोच. मे २०२३ मध्ये स्टेट फार्म या बड्या विमा कंपनीने तिथे नवीन घरविमे घेणं थांबवलं. लोक फेअर प्लॅनकडे गेले, म्हणजे दुसरं कुणी विमा देत नसेल तर शेवटचा आसरा असलेल्या योजनेकडे. त्यात मुख्यतः आगीपुरतंच संरक्षण, बाकीच्यासाठी वेगळी पॉलिसी घ्या. नियम बदलला डिसेंबर २०२४ मध्ये, आणि जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस पेटलं. दर दाबून ठेवल्याने धोका कमी झाला नाही, विमा देणारे कमी झाले.

म्हणून दर वाढू देत, कुरकुरत का होईना भरेन. पण संरक्षणाला कात्री लावायची तर तीही हप्त्याइतक्याच मोठ्या अक्षरात छापा. बहुतेकांचा हप्ता गृहकर्जाच्या मासिक रकमेतूनच एस्क्रोमध्ये (कर्ज देणारा विम्यासाठी पैसे राखून ठेवतो त्या खात्यात) जातो, त्यामुळे कागद उघडून बघायची वेळच येत नाही. मीही त्यातलाच. परवा पहिल्यांदा मागच्या वर्षीची आणि यंदाची पॉलिसी शेजारी शेजारी ठेवून वाचली. हप्त्याचा आकडा पहिल्याच पानावर होता. छताच्या घसाऱ्याचं कलम मागच्या वर्षी नव्हतं. यंदा ते एकोणिसाव्या पानावर आहे.